फ्लोरिडाचे झरे: ओपन वॉटर कार्ड असलेल्यांनी नेमकं कुठे उतरावं?

अटलांटा किंवा शार्लटहून गाडी काढून, नाहीतर ऑरलँडोला पाहुणे म्हणून आलेले असताना मध्येच चार दिवस काढून, उत्तर फ्लोरिडाच्या झऱ्यांत स्कुबा करायचा बेत अनेकजण आखतात. मग प्रश्न येतो: डेव्हिल्स डेन करायचं, जिनी स्प्रिंग्ज करायचं, की रेनबो नदी? फोटो सगळ्यांचेच वेड लावणारे असतात, त्यामुळे फोटो बघून ठरवायला गेलं तर ठरत नाही. ठरवायचं ते तीन गोष्टींवरून. तुमच्याकडे डाइव्हिंग-प्रशिक्षणाचं कोणतं कार्ड आहे (ओपन वॉटर हे सर्वात पहिलं), गाडीत तुमच्याबरोबर कोण आहे आणि महिना कुठला आहे. या तीन प्रश्नांची उत्तरं वेगळी असली की झराही वेगळा निघतो, आणि ‘सगळ्यात भारी’ म्हणून सांगितलेली जागा तुमच्यासाठी चुकीचीही ठरू शकते.

आधी सगळ्या झऱ्यांना लागू असलेल्या गोष्टी. फ्लोरिडाच्या पोटात चुनखडीचा जाड थर आहे. मुरणारं पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायॉक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवत जातं. लाखो वर्षांत त्यातून बोगदे, दालनं, विवरं तयार झाली. हेच पाणी जिथे दाबाने वर येतं तिथे झरा. असे सातशेहून जास्त झरे या राज्यात नोंदलेले आहेत. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट असा विरघळत नाही, म्हणून महाराष्ट्रात झरे भरपूर असले तरी आत पोहत शिरता येईल असं काही नाही. जमिनीखालून गाळून आलेलं असल्यामुळे पाणी अतिशय नितळ असतं आणि त्याचं तापमान वर्षभर बदलत नाही: मध्य व उत्तर फ्लोरिडात २२ अंशांच्या आसपास, पश्चिमेकडच्या पॅनहँडल पट्ट्यात २० अंश.

मालवण, गोव्याचं ग्रँड आयलंड किंवा नेत्राणी इथे डाइव्ह शिकलेल्यांनी हा आकडा नीट वाचावा. उबदार समुद्रात पातळ सूटवर भागतं. इथे २२ अंशांत पाऊण तास राहायचं तर ५ मिलिमीटरचा पूर्ण वेटसूट हवा, थंडी लवकर वाजणाऱ्यांनी ७ मिलिमीटर आणि डोक्याला हूड घ्यावं. बुडण्यासाठी अंगावर घ्यायच्या शिशाच्या वजनाचं गणितही बदलतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं, म्हणजे अंग आणि सामान मिळून शंभर किलो भरत असेल तर गोड्या पाण्यात सुमारे अडीच किलो वजन कमी लागतं. पण जाड सूट तुम्हाला वर ढकलतो, त्यामुळे थोडं वजन परत वाढवावं लागतं. समुद्रातला जुना आकडा तसाच वापरू नका; पहिल्या डाइव्हच्या आधी उथळ पाण्यात पाच मिनिटं तोल तपासा. झऱ्यात हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण तळाशी पिठासारखा बारीक गाळ असतो आणि जड झालेला माणूस फिन्सच्या एका फटकाऱ्यात स्वतःचंच नाही, मागच्या सगळ्यांचं पाणी गढूळ करतो.

आणखी एक. तारकर्ली-मालवणला पर्यटकांना प्रशिक्षक धरून खाली नेतात तो अनुभव छान असतो, पण त्याने कार्ड मिळत नाही. या झऱ्यांवर सिलिंडर घेऊन उतरायचं तर ओपन वॉटर कार्ड दाखवावं लागतं आणि जोडीदार लागतो. कार्ड नसेल तर त्याच जागांवर स्नॉर्केल (पृष्ठभागावर तरंगत श्वास घ्यायची नळी) घालून उतरता येतं आणि पाणी इतकं स्वच्छ आहे की तोही दिवस वाया गेल्यासारखा वाटत नाही.

डोक्यावर छत आहे का?

माझ्या दृष्टीने निवड करताना पहिला प्रश्न हाच. समुद्रात काही बिघडलं तर शेवटचा उपाय वर जाणं हा असतो. झऱ्याच्या तोंडातून आत गेल्यावर वर दगड असतो. ओपन वॉटरचं प्रशिक्षण या परिस्थितीसाठी दिलेलंच नसतं, आणि तुम्ही समुद्रात किती डाइव्ह केले आहेत याने त्यात फरक पडत नाही. फ्लोरिडाच्या गुहांत अनुभवी डाइव्हर, अगदी प्रशिक्षकसुद्धा दगावले आहेत, आणि कारणं तीच ती: गुहेचं प्रशिक्षण नाही, बाहेरपर्यंत अखंड दोरी नाही, परतीसाठी हवा राखलेली नाही, दिवे पुरेसे नाहीत. गुहेत जाणारे लोक एक तृतीयांश हवेवर आत जातात, एक तृतीयांशावर बाहेर येतात आणि उरलेली अडचणीसाठी शिल्लक ठेवतात. तुमच्या-माझ्या सुट्टीतल्या डाइव्हमध्ये इतकी शिस्त कुणी पाळत नाही.

म्हणून गुहा असलेल्या बऱ्याच ठिकाणी एक नियम आहे जो पहिल्यांदा विचित्र वाटतो: ओपन वॉटर डाइव्हरने दिवा बरोबर न्यायचा नाही. हातात दिवा नसला की अंधारात शिरायची इच्छाच होत नाही. नियम साधा आहे आणि त्याने जीव वाचतात. सामानात छोटा टॉर्च पडलेला असेल तर तो गाडीतच ठेवा, ‘फक्त भोकात डोकावायला’ म्हणूनही नेऊ नका. गुहांच्या तोंडाशी यमदूताचं चित्र असलेली पाटी लावलेली दिसेल. तिथून मागे फिरायचं.

या कसोटीवर झऱ्यांचे तीन गट पडतात. वर पूर्ण आकाश असलेले, जसे रेनबो नदी आणि अलेक्झांडर स्प्रिंग्ज. छत आहे पण पुढची गुहा बंद केलेली किंवा जागा आखून दिलेली असल्यामुळे ओपन वॉटरवाल्यांना परवानगी आहे असे, जसे जिनीचं बॉलरूम, ब्लू ग्रोटो, डेव्हिल्स डेन. आणि खऱ्या गुहांचे, जसं लुराव्हिलजवळचं पीकॉक स्प्रिंग्ज. तिसरा गट या लेखातून वगळतो. पीकॉकच्या गुहा जगप्रसिद्ध आहेत, पण गुहेचं कार्ड नसलेल्याला तिथे वरच्या कुंडात घुटमळण्यापलीकडे काही नाही. त्यासाठी वाट वाकडी करू नका.

विलिस्टन: एकाच गावात दोन झरे

गेन्सव्हिलच्या नैऋत्येला विलिस्टन नावाचं लहान गाव आहे. डेव्हिल्स डेन आणि ब्लू ग्रोटो दोन्ही इथे, एकमेकांपासून गाडीने काही मिनिटांवर. दोन्ही खाजगी, दोन्ही भूगर्भातल्या दालनाचं छत कोसळून उघडी पडलेली, आणि तरी स्वभावाने अगदी वेगळी.

डेव्हिल्स डेनमध्ये जमिनीतल्या भोकातून पायऱ्या उतरून खाली जायचं, बारवेत उतरावं तसं, आणि शेवटच्या पायरीशी निळं पाणी. वरचं तोंड लहान, खाली दालन रुंद होत गेलेलं. हिवाळ्यातल्या गार सकाळी २२ अंशांच्या पाण्याची वाफ या तोंडातून वर येते, त्यावरून हे सैतानी नाव पडलं. खोली जेमतेम १६ मीटर, म्हणजे ओपन वॉटरच्या १८ मीटरच्या मर्यादेत सगळं बसतं. हिमयुगातल्या, आता नामशेष झालेल्या प्राण्यांची हाडं इथे सापडली आहेत. दुपारी ऊन सरळ आत पडतं तेव्हा पाण्यात प्रकाशाचा खांब उभा राहतो, आणि हे ठिकाण निवडायचं ते त्या प्रकाशासाठी. मात्र जागा लहान आहे. एकदा खडकांभोवती फेरी मारली की दुसऱ्या फेरीत नवीन फारसं उरत नाही, आणि वर स्नॉर्केलवाल्यांची गर्दी असते. इथे नुसतं पोहता येत नाही. स्नॉर्केल किंवा स्कुबा, दोनच गोष्टी चालतात. लहान मुलांना ‘पाण्यात खेळायला’ म्हणून आणलंत तर त्यांचा हिरमोड होईल.

ब्लू ग्रोटो जास्त खोल, सुमारे ३० मीटरपर्यंत उतरत जाणारं. उतरण्याआधी जागेची माहिती करून देतात, ती लक्ष देऊन ऐका, कारण आतली रचना आणि मार्गदर्शक दोरी कशी आहे हे त्यातच कळतं. साधारण ९ मीटरवर हवेने भरलेली एक घंटा टांगलेली आहे. तिच्यात डोकं वर काढून तोंडातला रेग्युलेटर बाजूला करून जोडीदाराशी दोन वाक्यं बोलता येतात. नवख्या डाइव्हरला पाण्याखाली बोलण्याचा हा अनुभव फार आवडतो. खालचा भाग अंधारा आणि उतरता आहे. अॅडव्हान्स्ड कार्ड असेल तर इथे खोलीची मजा घेता येते; ओपन वॉटर असेल तर १८ मीटरवर थांबायचं, आणि तेवढ्यातही वर बघितल्यावर काळ्या कमानीतून दिसणारा निळा प्रकाश पुरेसा सुंदर आहे.

दोन्हींपैकी एकच करता येणार असेल तर? डाइव्हिंग म्हणून मी ब्लू ग्रोटो निवडेन. जोडीदार घाबरट असेल, किंवा बरोबरच्या कुणाला फक्त स्नॉर्केल करायचं असेल, तर डेव्हिल्स डेन. एका दिवसात दोन्ही सहज होतात. तेव्हा सकाळी खोल ब्लू ग्रोटो आधी आणि ऊन माथ्यावर आल्यावर उथळ डेव्हिल्स डेन असा क्रम लावा. खोल आधी, उथळ नंतर ही शिकवण आणि प्रकाशाची वेळ इथे एकत्र जुळून येतात.

जिनी स्प्रिंग्ज

सांता फे नदीच्या काठी, हाय स्प्रिंग्ज गावाजवळची ही जागा म्हणजे फ्लोरिडाच्या गुहा-डाइव्हिंगचं माहेरघर. जगभरचे गुहेत जाणारे लोक इथे दोन-दोन सिलिंडर पाठीवर बांधून फिरताना दिसतील. त्यांच्याकडे बघून दबून जाऊ नका. ओपन वॉटरवाल्यांसाठी इथे जी सोय आहे तशी क्वचितच कुठे असेल.

जिनीच्या मुख्य कुंडातून आत गेलं की बॉलरूम नावाचं मोठं दालन लागतं, खोली साधारण १५ मीटर. त्याच्या टोकाला, जिथून पुढे गुहा सुरू होते, तिथे लोखंडी जाळी ठोकलेली आहे. त्यामुळे पुढे जाताच येत नाही, आणि म्हणूनच जिनीच्या परिसरात या एका ठिकाणी ओपन वॉटर डाइव्हरला दिवा न्यायची मुभा आहे. जाळी धरून समोर तोंड केलं की तिच्यातून येणारा झोत अंगाला मागे ढकलतो. ते सगळं पाणी जमिनीखालून येतंय हे तेव्हा अंगाला कळतं. छताखालचा पहिला अनुभव घ्यायचा असेल तर माझ्या मते तो इथेच घ्यावा.

शेजारचे डेव्हिल्स आय आणि डेव्हिल्स इअर हे त्याच परिसरात, पण ती खऱ्या गुहेची तोंडं आहेत. तिथे दिव्याशिवाय, तोंडाशीच. इअरपाशी झऱ्याचं नितळ पाणी नदीच्या तपकिरी पाण्याला भिडतं. खालून वर बघितलं तर डोक्यावर अंबरी रंगाचा थर दिसतो आणि त्यातून ऊन झिरपतं. बॉलरूमनंतर उरलेल्या हवेत हे बघायला जावं, आत शिरायला नाही.

जिनीची अडचण वेगळी. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी ही जागा टायरट्यूबवर तरंगत पार्टी करणाऱ्यांची असते, मोठ्याने गाणी वाजत असतात. सासू-सासरे आणि लहान मुलं बरोबर असतील तर मे ते सप्टेंबरमधला शनिवार इथे नको. मंगळवार-बुधवारी, किंवा ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये, तीच जागा शांत आणि देखणी असते. तंबू टाकायची सोय आहे, आणि गुहेतून बाहेर आलेल्या लोकांच्या गप्पा ऐकण्यासाठी एक रात्र राहण्यासारखी आहे.

रेनबो नदी

डनेलन गावाजवळची रेनबो नदी पूर्णपणे झऱ्यांच्या पाण्याची आहे. इथे खाली उतरायचं नसतं, वाहायचं असतं. बोटीने वरच्या अंगाला जायचं, पाण्यात उतरायचं आणि प्रवाहाबरोबर खाली यायचं. खोली बहुतेक ठिकाणी दोन ते सहा मीटर. वाळूत लहान-लहान झरे उकळल्यासारखे फुदफुदताना दिसतात, लांब पट्ट्यांसारखं गवत एका दिशेला आडवं झालेलं असतं, त्यात कासवं आणि ‘गार’ नावाचे लांब चोचीचे मासे. इतक्या उथळ पाण्यात एक सिलिंडर खूप वेळ पुरतो, त्यामुळे थंडी हीच खरी मर्यादा. इथे तरी जाड सूट घ्याच.

ज्या कुटुंबात एकजण डाइव्हर आणि बाकीचे नाहीत त्यांच्यासाठी मला रेनबो सगळ्यात आवडते. डाइव्हर खाली, स्नॉर्केलवाला वर, मुलं ट्यूबवर, आजी-आजोबा काठावरच्या उद्यानात किंवा बोटीत, आणि सगळे एकाच नदीवर. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बोटी येत-जात असल्यामुळे पांढऱ्या तिरक्या पट्ट्याचा लाल झेंडा बरोबर तरंगत ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. आणि एकदा वापरून फेकायची भांडी, बाटल्या, पिशव्या नदीवर न्यायला बंदी आहे; थेपले-चटणी न्यायची तर स्टीलच्या डब्यात.

सरकारी उद्यानं, आणि जानेवारीचा पेच

खाजगी झरे माणशी पैसे घेतात आणि महाग पडतात. राज्याच्या उद्यानांत मुख्यतः गाडीमागे शुल्क असतं, काही ठिकाणी डाइव्हसाठी वेगळं. पैशांचा विचार असेल तर इथे बघा, पण सिलिंडर आधीच जवळच्या दुकानातून भरून न्यावे लागतील.

ओकाला जंगलातलं अलेक्झांडर स्प्रिंग्ज हे त्या जंगलातलं स्कुबाला परवानगी असलेलं एकमेव झऱ्याचं कुंड. वाळूचा सौम्य उतार, खोली सात-आठ मीटर. बऱ्याच दिवसांनी पाण्यात उतरणाऱ्यांनी पहिला डाइव्ह इथे करावा. दुसरा इथे करायची गरज नाही. ब्रॅनफर्डजवळच्या ट्रॉय स्प्रिंगमध्ये सुमारे २१ मीटर खोल कुंड आहे आणि मुखाशी ‘मॅडिसन’ या वाफेवरच्या बोटीचा सांगाडा: अमेरिकन यादवी युद्धात, १८६३ मध्ये, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ती मुद्दाम बुडवली होती. इतिहासाची आवड असेल तर जिनीहून पाऊण तासावरची ही जागा सोडू नका. फक्त आधी सुवानी नदीची पातळी बघा. मोठ्या पावसानंतर सुवानी आणि सांता फे फुगतात, त्यांचं पानांच्या अर्काने तपकिरी झालेलं पाणी झऱ्यांत उलटं शिरतं आणि नितळपणा आठवडेच्या आठवडे जातो. जिनीलाही हा धोका आहे. विलिस्टनचे झरे नदीकाठी नसल्यामुळे अशा वेळी तेच आधार देतात. निघण्याच्या आदल्या दिवशी डाइव्ह दुकानाला फोन करून पाण्याचा रंग विचारा.

ऑरेंज सिटीचं ब्लू स्प्रिंग सुंदर आणि खोल आहे, पण साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत तिथे पाण्यात उतरताच येत नाही. थंडीत नदीतले मॅनाटी (पाण्यात राहणारे मोठे, संथ सस्तन प्राणी) उबेला या झऱ्यात शेकड्यांनी जमतात आणि तेव्हा झरा त्यांचा असतो, हे योग्यच आहे. डिसेंबरच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी इथे फक्त लाकडी पुलावरून बघायचं ठरवावं. ज्येष्ठ मंडळींसाठी तर तो सहलीतला सर्वात सुखाचा दिवस ठरेल. मॅनाटीबरोबर पाण्यात उतरायचंच असेल तर क्रिस्टल रिव्हरला जा, आणि तेही स्नॉर्केल घेऊन. बुडबुड्यांच्या आवाजाने प्राणी बुजतात, तिथल्या थ्री सिस्टर्स झऱ्यांत स्कुबाला मनाई आहे. सिलिंडर गाडीत राहू द्या.

हे झरे बारमाही दिसत असले तरी ते चिरंतन नाहीत. शेतांतलं खत आणि घरांच्या सेप्टिक टाक्यांतून मुरणाऱ्या नायट्रेटमुळे कित्येक कुंडांत शेवाळ वाढलं आहे. गवतावर उभं राहू नका, तळाला हात लावू नका.

पॅनहँडल जोडायचं का?

पोन्स दे लिऑनजवळचे व्होर्टेक्स आणि मॉरिसन हे झरे चांगले आहेत. व्होर्टेक्सला प्रशिक्षणाची आणि राहण्याची सोय आहे, मॉरिसन सायप्रसच्या झाडांनी वेढलेलं, काउंटीच्या (जिल्हा प्रशासनाच्या) ताब्यातलं. पण जिनीहून तिथवर साडेतीन-चार तासांचा रस्ता, पाणी २० अंश, आणि तो भाग मध्य अमेरिकी वेळेत येतो, म्हणजे घड्याळ एक तास मागे. ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्स किंवा मोबीलकडून येणाऱ्यांनी हे दोन वाटेत करावेत. अटलांटा किंवा ऑरलँडोहून येणाऱ्यांनी चार दिवसांत दोन्ही पट्टे कोंबू नयेत. निम्मी सहल गाडीतच जाईल.

चार दिवसांचा क्रम

मी मुक्काम गेन्सव्हिलला सुचवेन. विद्यापीठाचं गाव असल्यामुळे भारतीय जेवण आणि किराणा मिळतो, जे विलिस्टन किंवा हाय स्प्रिंग्जमध्ये शोधत बसावं लागेल. पहिल्या दिवशी रेनबो, वजन आणि सूट यांची घडी बसवायला. दुसऱ्या दिवशी विलिस्टनचे दोन्ही. तिसऱ्या दिवशी, तो कामाचा वार असेल असं बघून, सकाळी जिनीचं बॉलरूम. नदी स्वच्छ असेल तर दुपारी ट्रॉय.

चौथा दिवस सिलिंडरशिवाय. विमानाने परतणार असाल तर अनेक दिवस डाइव्ह केल्यावर किमान १८ तासांचं अंतर ठेवायचं असतं, आणि तो वेळ विमानतळावर काढण्यापेक्षा कुटुंबाला द्यावा. थंडी असेल तर क्रिस्टल रिव्हरला मॅनाटी. मुलं बरोबर असतील तर विकी वाची, जिथे १९४७ पासून झऱ्याच्या पाण्याखाली जलपऱ्यांचा खेळ चालतो आणि प्रेक्षक काचेमागे बसून बघतात. तिथून टँपा विमानतळ तासाभराच्या अंतरावर आहे.